विश्वंभर सरांचं जहाज

विश्वंभर सर आमच्या गावात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर तीर्थाला जातात, सर जहाज बांधायला लागले. आमचं गाव सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून जीपने अर्ध्या तासावर. समुद्र पाचशे किलोमीटर लांब, आणि गावचा ओढा दिवाळीनंतर आटतो. आम्ही पोट धरून हसलो. मी त्यांचाच विद्यार्थी, मीही हसलो.

जहाज होतं ‘बीगल’. दोनशे वर्षांपूर्वी डार्विन नावाचा तरणा माणूस त्यातून पाच वर्षं जग हिंडला, किडे-पाखरं बघत राहिला, प्रश्न विचारत राहिला. त्याची तीस फुटी नक्कल सरांना स्वतःच्या वावरात, रस्त्याकडेला उभी करायची होती. आत सूक्ष्मदर्शक ठेवायचा. पोरांनी चढावं, ओढ्याचं पाणी त्याखाली बघावं आणि ‘काहून?’ म्हणून विचारावं, एवढीच इच्छा. बत्तीस वर्षांत हा प्रश्न वर्गात फार थोड्या वेळा ऐकू आला होता, आणि ते त्यांना खुपत होतं.

उकंडराव सुतारानं जन्मभर बैलगाड्या केलेल्या. त्यानं दीड वर्षात बाभळीचं जहाज उभं केलं. शेवटची खुंटी ठोकल्यावर नव्या गाडीला लावतो तसं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. सरांनी अडवलं नाही. कारागिराचा मान आहे, म्हणाले. तिथंच चुकलं.

आठवड्याभरात पद्माबाईची हरवलेली म्हैस जहाजाच्या सावलीत बसलेली सापडली. मग काय, बातमी पार सेनगावपर्यंत गेली. नवस सुरू झाले, डोलकाठीला पाळणे लटकले. सूक्ष्मदर्शकाला कुणीतरी शेंदूर फासला, भिंग कायमचं गेलं. सर येईल त्याला डार्विन समजावत बसायचे. लोक मन लावून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "मंग बिगलबाबाची जत्रा कवा भरवायची, सर?"

शेवटी सर उकंडरावकडे गेले. "खोलून टाक. फळ्या तुला ठेव."

"न्हाई सर."

"अरे, तूच केलंस ना? खुंटी न् खुंटी तुझ्या हातची."

"व्हय, मीच केलं. पण आता देवावर करवत कशी चालवू? माह्या सुनेला आठ वर्षांनी लेकरू ऱ्हायलं. नवस तिथंच केला व्हता."

सर चहा पिऊन उठले.

सूक्ष्मदर्शक तरी घरी आणावा म्हणून ते दुपारी वावरात गेले. सोबत मी होतो. शिडी चढले, ते शेंदरानं माखलेलं यंत्र पंच्यात गुंडाळून उतरले आणि खालीच थबकले. शिडीपाशी त्यांच्या वहाणा होत्या, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या.

"मी कधी काढल्या या?" त्यांनी मला विचारलं.

मी पाहिलं होतं, पण सांगवलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. वहाणा तिथंच टाकून ते अनवाणी घरी गेले. सकाळी मी त्या आणायला गेलो, तर वहाणांवर कुणीतरी फुलं वाहिली होती.