साहेब स्ट्रेचरवर झोपले

"आई गं! थांबवा गाडी! थांबवा त्याला!"

सिन्नरच्या कारखान्यातला कामगार स्ट्रेचरवर ओरडत होता. अंगावर लोखंड पडून मांडीचं हाड मोडलेलं. गाडीवरचा अटेंडंट मी, स्प्लिंट मीच बांधलं होतं. स्प्लिंट म्हणजे हाड हलू नये म्हणून पायाला दोन्हीकडून फळ्या आणि पट्ट्या. पण अख्खी अ‍ॅम्ब्युलन्सच नाचत असेल तर फळ्या काय करणार? माझ्या एका हातात त्याचा पाय, दुसऱ्यात सलाईनची बाटली. मोहदरी घाटात मला तिसरा हात हवा होता.

"दिलीप, हळू!"

"इमर्जन्सी आहे ना भाऊ!" असं म्हणून दिलीपनं कच्चकन ब्रेक मारला. बैलगाडी आडवी आली होती. पेशंट वीतभर पुढं सरकला आणि त्याची शुद्धच हरपली.

नाशिकला पोचल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "इतकं सरकलेलं कसं? निघतानाच होतं?"

"नाही सर. घाटात सरकलं."

दिलीप वाईट पोरगा नव्हता. आधी आमच्या ए.ओ. साहेबांची, म्हणजे दवाखान्याचं ऑफिस सांभाळणाऱ्या साहेबांची, जीप चालवायचा. ब्याऐंशी साली वरून सर्क्युलर आलं: अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मॅट्रिक पास हवा आणि ट्रेनिंग घेतलेला हवा. आमचे रामभाऊमामा सातवी शिकलेले. अर्धं आयुष्य त्या स्टिअरिंगवर गेलेलं. त्यांना स्टोअरमध्ये चादरींच्या घड्या घालायला बसवलं आणि चावी दिलीपला दिली.

मामांची एक पद्धत होती. त्यांच्या सीटमागची छोटी काच कायम उघडी. खड्डा यायच्या आधी मागं हाक यायची, "उजवीकडं खड्डा हाय दादा, अंग सैल सोडा!" बाई असली तर "अक्का, मोरी आली, श्वास सोडा!" शिंदे, चिंचोळी, मोहदरी, सगळा रस्ता तोंडपाठ. मामा म्हणायचे, "खड्डा नाय रं मारत पेशंटला. न सांगता आलेला खड्डा मारतो."

मी तसाच रक्ताच्या शर्टानिशी साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो.

"साहेब, दिलीपचं ट्रेनिंग काय काय झालं?"

साहेब नाकात बोलतात. मी त्यांची नक्कल करतो हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक. "दोन दिवस लेक्चर झालं. हॉलमध्ये. रस्त्यावरच्या खुणा, इंजिनाची निगा, प्रथमोपचार. सर्टिफिकेट फाईलला आहे."

"गाडी चालवून घेतली?"

"मैदानात. रिव्हर्ससकट."

"तेव्हा मागं कोणी झोपलं होतं?"

"मागं? ड्रायव्हिंगशी मागच्याचा काय संबंध?"

माझं टाळकंच सटकलं. एक माणूस खाली एक्स-रेच्या टेबलावर कण्हतोय आणि हे विचारतायत काय संबंध! मी म्हणालो, "तुम्ही झोपा ना साहेब. देवळाली कॅम्पपर्यंत. जाताना दिलीप, येताना मामा. फरक नाही पडला तर मला पार सुरगाण्याच्या डोंगरात टाका. आत्ता लिहून देतो."

दाराशी दोन क्लार्क आणि एक सिस्टर उभे होते. साहेब हसले. "नकला करतोस ते माझ्या कानावर आहे. बदलीचा कागद टाईप करायला सांगतो. चल."

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी ड्युटीला ठेवली आणि साहेबांना आडवं केलं. पट्टे आवळले. ते मात्र मनापासून आवळले, खोटं कशाला बोलू.

मागं साहेब आहेत म्हटल्यावर दिलीपला चेव आला. सायरन काय, ओव्हरटेक काय! पहिल्याच खड्ड्याला चष्मा ऑक्सिजनच्या सिलिंडरखाली गेला. "अरे... अरे सांग त्याला!"

"इमर्जन्सी आहे साहेब," मी नाकात म्हणालो.

कॅम्पात साहेब उतरले ते गाडीला धरूनच. सरळ चालत परत जातील असं वाटलं. पण पुन्हा येऊन झोपले. मामा बसले, काच उघडली.

"साहेब, डावीकडं उतार हाय. पाय सैल सोडा."

"हं," साहेब म्हणाले.

खड्डे तेच होते, गाडीही तीच. नाशिकरोडला येईपर्यंत त्यांनी स्ट्रेचरच्या दांड्यावरचा हात काढून पोटावर ठेवला होता. दवाखान्याच्या फाटकात विचारलं, "पोचलो?"

बदलीचा कागद टाईप झालेला होता. साहेबांनी तो उलटा करून पाठीमागे लिहिलं: प्रत्येक नव्या ड्रायव्हरनं आधी स्ट्रेचरवर पडून सिन्नरला जाऊन यायचं. शिकवणार रामभाऊ.

"मग मामांना गाडी परत द्या की साहेब."

"ती कशी देणार? मॅट्रिक नाहीत ते."

म्हणजे मॅट्रिकवाल्यांना गाडी शिकवायला मामा चालतात, चालवायला चालत नाहीत! मी खूप भांडलो. वर अर्ज केला, उत्तर आलं नाही.

तो कामगार काही महिन्यांनी तपासणीला आला. पाय जुळला, पण दीड बोट आखूड. कारखान्यात आता बसून करायचं काम देतात. त्याची माफी मागायला दिलीप स्वतः गेला होता.

या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. ड्रायव्हरचं ट्रेनिंग झालंय का, हे फाईलला विचारू नये, स्ट्रेचरवरच्याला विचारावं.

दिलीप हल्ली काच उघडी ठेवतो. पक्का शहरातला पोरगा, पण ओरडतो मात्र, "खड्डा हाय दादा, अंग सैल सोडा!" हुबेहूब मामा. माझ्याहून चांगली नक्कल.

मामा अजून चादरींच्या घड्या घालतायत.