रुसला आणि हसला

परवा बीडला गाडी दुकानात टाकली. गाडी ठणठणीत होती, फक्त आतली गाणी बंद पडली होती. मी बीडहून उमापूरच्या शाळेत रोज अप-डाउन करते, आणि गाणी नसली की त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा नावानिशी ओळखू येतो. दुकानातल्या तरुण मिस्त्रीने पुढच्या सीटखाली डोकं घातलं, अ‍ॅम्प्लिफायरवरचा लाल दिवा पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा रुसलाय."

मी चमकलेच. तो शब्द आमच्या घरचा होता.

शिरूर कासारला माझ्या वडिलांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टेप, मग गाड्यांचे डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर. लोक त्यांना उस्ताद म्हणत, आम्ही आबा म्हणायचो. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ आली, की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पाच-सहा महिने परमुलखात काढायचे तर गाडीत गाणं पाहिजेच. त्या दिवसांतला वायरींना कथलाचा डाग देण्याचा धूर, कपातला गार झालेला चहा, चालू करून बघण्यापुरतं वाजलेलं अर्धंच गाणं, हे सगळं मला अजून हवंहवंसं वाटतं.

मी तेव्हा डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी होते. घरी बसून भांडणंच जास्त व्हायची, म्हणून दुकानात बसू लागले. आठवड्याभरात लक्षात आलं, की समोर पडलेला पेचकस आबा हात फिरवून हुडकतात. बळंच बीडला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या एसटीत आबा म्हणाले, "दुकानात कुणाला कळता कामा न्हाई."

मला राग आला. यात लपवायचं काय, चोरी केली का तुम्ही, असं मी फणकाऱ्याने विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आंधळ्याकडं कोण मशीन देतंय?"

मी त्यांच्या लबाडीत सामील झाले.

अडचण दिव्याची होती. आत काही बिनसलं की अ‍ॅम्प्लिफायर जळू नये म्हणून आपणहून तोंड मिटतो आणि लाल दिवा लावतो. सगळं बरं असलं की हिरवा. कोणती वायर काढल्यावर कोणता दिवा लागतो, यावरच सगळं निदान. आबांना मात्र दोन्ही दिवे सारखेच, नुसता एक उजेडाचा ठिपका. गिऱ्हाइकासमोर मी "लाल, हिरवा" असं ओरडून सांगितलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून मी शब्द काढले. लाल लागला की "रुसला", हिरवा लागला की "हसला". लोकांना वाटायचं, उस्तादाची पोरगी जरा जास्तच लाडात आहे.

एका दसऱ्यानंतरची गोष्ट. एक मुकादम जीप घेऊन भर दुपारी आला. मागे त्याची टोळी भांड्याकुंड्यांसह दोन ट्रॅक्टरांत बसलेली. दसऱ्याला जीपमध्ये नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि नवे स्पीकर बसवले होते, आणि तिसऱ्या दिवसापासून लाल दिवा. बीडच्या दोघा मिस्त्रींनी मशीन जळालं म्हणून सांगितलं होतं. मुकादम आबांकडे निरखून बघत म्हणाला, "उस्ताद, तुमाला दिसत न्हाई म्हणून लोक बोलतेत. खरं हाय का?"

सगळी टोळी ऐकत होती. आबा हसले, "जीपचं दार उघडा," एवढंच म्हणाले.

त्यांनी आधी मशीनवर तळहात ठेवला. गार होतं, म्हणजे तापून बंद पडलं नव्हतं. मग स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडल्या आणि बटण दाबलं. मी म्हणाले, "हसला." म्हणजे मशीन चांगलं होतं. डावी वायर जोडली. "हसला." उजवी जोडली. "रुसला."

आबांनी ती उजवी वायर चिमटीत धरली आणि बोटं सरकवत मागच्या स्पीकरपर्यंत नेली. तिथे हात एकदम मागे घेतला. बोटाला रक्त आलं होतं.

स्पीकरच्या मागे लिंबू-मिरची बांधलेली होती. नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून मुकादमाच्या आईनेच बांधली होती, आणि खड्ड्यांत दोरा तुटतो म्हणून लोखंडी तारेत ओवली होती. त्या तारेचं टोक स्पीकरला वायरी जोडतात त्या दोन्ही पिनांना टेकून शॉर्ट होत होतं. बीडच्या दोघांनी ती पाहिली असणार, मीही पाहिली होती. पण लिंबू-मिरची दिसली की आपण नजर काढून घेतो, तिला हात कोण लावतो? मुकादम हात लावू नका म्हणेपर्यंत आबांनी ती सोडलीही होती. शेजारच्या शिंप्याकडून दोरा मागवून त्यात नीट ओवली, पुढे आरशाला बांधली, आणि आईला सांगा, तार नको, म्हणाले.

बटण दाबलं. मी काही बोलायच्या आत गाणं दणक्यात सुरू झालं. मुकादम टोळीकडे वळून म्हणाला, "कोण म्हणतंय उस्तादाला दिसत न्हाई? बीडच्या दोघांला दिसलं न्हाई ते यानला दिसलं." मला अभिमानही वाटला आणि रडूही आलं.

त्या एका वाक्यावर आबांचं दुकान आणखी तीन हंगाम चाललं. मग माझ्या नोकरीची ऑर्डर आली, आणि त्याच महिन्यात त्यांनी शटर ओढलं. कंटाळा आला, असं सगळ्यांना सांगितलं. मला खरं कारण कळत होतं, तरी मी उमापूरला रुजू झाले. आता आबाही नाहीत.

परवा त्या मिस्त्रीला मी विचारलं, हा शब्द कुठे शिकलास? तो म्हणाला, "शिरूरला एक उस्ताद होते म्हणं. आमचे उस्ताद सांगतेत, त्यांची नजर लई तेज होती."

"होती," मी म्हणाले.

तो मागे डिकीत वाकून वायर जोडत होता. तिथून त्याला सीटखालचं दिसत नव्हतं. आतूनच म्हणाला, "ताई, दिवा बघून सांगा बरं."

मी वाकले. "हसला," म्हणाले. शब्द तोंडातून गेला, आणि मग तो हिरवा दिवा मलाच नीट दिसेना.