रामाकोन्याचे मामा

मामांना सही करता येत नव्हती, पण आपल्या आजाराचं इंग्रजी नाव ते न अडखळता सांगत. मायट्रल स्टेनोसिस. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आखडली ती कायमची. छातीला स्टेथोस्कोप लावला की एक घरघर ऐकू येई, आणि ती इतकी स्पष्ट होती की डॉक्टरकीची शेवटची परीक्षा आली की नागपूरच्या आमच्या कॉलेजातून त्यांच्या गावी, रामाकोन्याला, पोस्टकार्ड जाई. मग मामा धुतलेलं धोतर नेसून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने येत आणि मुलांनी तपासावं म्हणून परीक्षेच्या वॉर्डात खाटेवर पडून राहत. सगळी मुलं त्यांना मामाच म्हणत. एरवी ते संत्र्याच्या बागेत झेपेल तेवढं काम करत.

वॉर्डात मामा फार कडक असत. कुणी हळूच निदान विचारलं तर डोळे मिटून घेत. मात्र एखादा फार घाबरलेला दिसला की नर्सबाईंकडे स्वतःसाठी म्हणून पाणी मागत आणि ते त्या पोराला पाजत.

मी रामाकोन्याजवळच्या सौसरची, मास्तरांची मुलगी. नागपूरला मावशीकडे राहून शिकले. शेवटच्या परीक्षेत मेडिसिनला मला नेमके मामाच मिळाले. मी त्यांना लांबूनच ओळखलं आणि मनात म्हटलं, आता पास झालेच. छातीला नळी लावल्यासारखी केली, पाठ केलेलं उत्तर मनाशी जुळवलं आणि उभी राहिले. परीक्षकांनी निदान विचारलंच नाही. किती चाललं की यांना दम लागतो, एवढंच विचारलं. मी मामांना ते विचारलं नव्हतं. नाडी किती? मी अंदाजे आकडा सांगितला. त्यांनी मामांचा हात हातात घेतला, घड्याळ लावून मोजली आणि मला जायला सांगितलं.

नापास होऊन घरी आले. आईने पांढुर्ण्याच्या एका स्थळाचा विषय काढला. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. तेव्हाही हेच झालं तर लग्न करून मोकळं व्हायचं, असं घरात ठरलं. मी पुस्तकं उघडून बसे आणि तेच पान चार-चारदा वाचे.

अशात एका सकाळी मामा आमच्या दारात उभे. माझं गाव त्यांनी वॉर्डातच विचारून ठेवलं होतं. बाबांना जयभीम करून ते ओट्यावर बसले, दम खाल्ला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, माह्यावर आजपावतो कोनी नापास झालं नव्हतं. मले जेवन गोड लागून नाई राहिलं." मला हसू आलं आणि रडूही. मी रामाकोन्याला येऊन त्यांच्यावर सराव करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबांनी लगेच होकार दिला.

आठवड्यातून दोनदा मी जाऊ लागले. मामांनी एकट्यावर भागवलं नाही. मी म्हणाले की सर्जरीही आहे, बाळंतपणाचा विषयही आहे, तर पुढच्या खेपेला अंगणात हर्नियाचे एक आजोबा, मामांची सात महिन्यांची गरोदर सून आणि पोट फुगलेलं एक पोर हजर. मामा बाजेवर बसून ऐकत. मी घाईने पोटाला हात लावायला गेले की म्हणत, "आधी त्याले बोलू दे. तो सांगून राहिला ना." मामी चहा करत आणि माझ्या मागे उभ्या राहून पेशंटला खुणावत, की हेही सांग. हळूहळू मला पुस्तकातलं पान माणसांच्या तोंडून आठवायला लागलं.

परीक्षेला महिना राहिला असताना एकदा मी मामांची नाडी बघत होते. ठोके एकामागून एक पडत नव्हते. दोन घाईने, मग थांबणं, मग एक दुबळा. मी पुन्हा मोजली. मामा म्हणाले, चार दिवसांपासून छातीत फडफड होते, पण ती तू ओळखतेस का ते बघत होतो. मी घाबरले. अशा हृदयात रक्ताची गाठ धरते आणि ती मेंदूत गेली तर माणूस लुळा पडतो, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि झडप मोकळी करायचं ऑपरेशन आता टाळू नका, असं बजावलं. मामा ते कितीतरी वर्षं टाळत आले होते.

परतताना गाडीत मी हट्ट धरला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"झडप मोकळी झाली तर आवाज जाईन. मंग मले परीक्षेले कोन बोलावन?"

"नाही बोलावलं तर नाही. मामींना तुम्ही हवे आहात," मी म्हणाले.

शेवटी ते म्हणाले, "तू पास झाली का जातो."

परीक्षेत मला छातीत पाणी झालेली एक बाई मिळाली. मी तिला बोलू दिलं. पास झाले. मामांनी शब्द पाळला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खालच्या वर्गातली मुलं रांग लावून त्यांची घरघर ऐकून गेली, आणि मामांनी एकालाही परत पाठवलं नाही.

मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. ते गेल्याचं मला पत्राने कळलं, तेव्हा मी दूरच्या जिल्ह्यात नोकरीला होते. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी मी निरोप घ्यायला रामाकोन्याला गेले होते, तीच आमची शेवटची भेट. निघताना त्यांनी माझी पिशवी काढून घेतली आणि स्टेशनच्या वाटेला लागले. या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही, हे त्यांनी सांगितलं, थोडं रुसल्यासारखं. मग संत्र्यांचा बहार, मामींचे गुडघे, सुनेला झालेली मुलगी, सगळं सांगत ते चढावर माझ्यापुढे चालत राहिले. बोलता बोलता चालत होते आणि दम खायला कुठेही थांबले नाहीत. मी मागून ऐकत गेले.