अम्माच्या बाजूची शिवण

परवा बारामतीच्या घरी नातीच्या चित्रांच्या पुस्तकात एक पिंजारी निघाला. गुलाबी गालांचा, हसरा, हातात धनुष्यासारखी धनुकली, भोवती ढगासारखा कापूस. नातीनं विचारलं, "दादी, हा कुठलं वाद्य वाजवतोय?"

मला जुन्या कापसाचा कुबट वास आला आणि इंदापूरचं आमचं अंगण दिसलं. अम्मा जाऊन थोडेच दिवस झाले होते. लोकांच्या गाद्या पिंजणाऱ्या अब्बांनी त्या दिवशी घरची, त्या दोघांची गादी काढली. तोंडाला फडकं बांधून ते बसले. धनुकलीची तात टणटणू लागली आणि त्यांच्या बाजूचा दबलेला कापूस फुलून वर आला. माणसाच्या अंगानं गादीत पडलेला खळगा घालवायचा, हेच त्यांचं काम. मग अम्माच्या बाजूच्या शिवणीला त्यांनी कात्री लावली आणि न कापताच खाली ठेवली.

"अब्बा, इकडची बाजू ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे ती तशीच."

पिंजाऱ्याच्याच घरातली गादी एका अंगाला फुगलेली आणि एका अंगाला बसलेली, म्हणून शेजारणी हसल्या. मला लाज वाटली. अब्बा दमले असतील, एवढंच मला तेव्हा समजलं.

"वाद्य न्हाय गं, कापूस पिंजतोय," मी नातीला सांगितलं.

हे गेल्यापासून सून फोमची गादी आणू म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. झोपताना मी माझ्याच बाजूला झोपते आणि हात यांच्या खळग्यात ठेवते.