चेण्याच्या खडकावरचं यंत्र

भीमाबाईच्या कुंपणाजवळून मोटारसायकल रेस करत न्यायची चेणे गावात कुणाची टाप नव्हती. घोडबंदर रस्ता सोडून आत वळलं की जंगलाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. तिच्या मधोमध उघड्या खडकावर भूकंप टिपणारं यंत्र बसवलंय आणि भीमाबाई त्याची राखणदार. घरही शेजारीच. हद्दीत म्हैस शिरली तरी बाई वहीत टिपणार: मंगळवार, सव्वानऊ, म्हैस. टँकर, ट्रॅक्टर, हळदीचा डीजे, कुणाला सूट नाही. यंत्राच्या रेघेवरचा खरा धक्का कुठला आणि म्हशीचा कुठला, हे नंतर कळायला नको का? नवरा समाधान म्हणायचा, "तुझ्यापेक्षा फौजदार परवडला."

पण हा कडकपणा उगाच नव्हता. भीमाबाई किल्लारीकडची. नऊ वर्षांची होती तेव्हा भूकंपात गाव पडलं आणि धाकटी बहीण गेली. त्याआधी किती महिने जमीन गुरगुरायची, फळीवरची भांडी वाजायची, आणि मोठी माणसं म्हणायची, होतं कधीकधी. म्हणून यंत्र आलं तेव्हा तिनं काम मागून घेतलं होतं. ते तिचा जीव की प्राण होतं, यात काही खोटं नाही.

आणि यंदा एप्रिलात इशिता मॅडम आल्या त्या तोंड पाडूनच. त्या या यंत्राच्या शास्त्रज्ञ.

"भीमाताई, दोन आठवडे झाले, रोज अकरा ते साडेबारा रेघ नुसती थरथरतेय. पालघरकडचे बारीक धक्के त्यात बुडून जातायत. ते वर्षानुवर्षं मोजले तर इथल्या इमारतींना किती हादरा सोसावा लागेल, याचा अंदाज बांधता येतो. कारण सापडलं नाही तर सोमवारी यंत्र दुसरीकडे हलवायचं, असं वरून आलंय."

पदर खोचून भीमाबाई निघाली. बोअरवेलवाल्याला झापलं, बांधकामावरच्या मुकादमाशी हिंदीत भांडली, "सच बोलो, ग्यारा बजे क्या ठोकते हो?" बिचारा सुपारी गिळून बसला. पण त्याचं काम तर महिनाभर बंदच होतं.

शुक्रवारी तिनं मॅडमना म्हटलं, "मला एकदा ती रेघ दाखवा."

मॅडमनी लॅपटॉपवर रेघ मोठी करून दाखवली. एक ठोका उंच, एक बुटका. उंच, बुटका. मग जरा थांबा, आणि पुन्हा सुरू. बघता बघता भीमाबाईचा हात आपोआप वरखाली व्हायला लागला. मधे थांबतं ते मसाला चाळायला!

"अगं बाई गं!" ती मटकन खालीच बसली.

उन्हाळा लागला की ओढ्यापलीकडच्या विमलाबाईला जोडीला घेऊन ती वर्षाचा मसाला कांडायची. यंदा उखळ तिनंच खोलीच्या पाठीमागं नेलं होतं. एक तर तिथं खालचा खडक टणक, मुसळ छान बसतं. आणि कांडता कांडता यंत्रावर नजर राहते! साऱ्या गावाची नोंद ठेवणाऱ्या बाईनं स्वतःची तेवढी ठेवली नव्हती.

समाधान कानाशी येऊन कुजबुजला, "गप ऱ्हा. उखळ हलवू, कुणाला कळतंय?"

तिला मोहही झाला. आपलंच काम जाईल, ही भीती खरी होती. पण ते दोन आठवडे कागदावर तसेच खोटे राहणार, हे तिला सोसेना.

"मॅडम, ते आमचं उखळ आहे. चूक माझी. यंत्र नेऊ नका, हवं तर मला काढा."

इशिता मॅडम अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "काढतेय कशाला? कांडून दाखवा आधी, खात्री करून घेऊ."

विमलाबाईला बोलावणं गेलं. चार ठोके घालून ती धापा टाकत लॅपटॉपपाशी आली. "यातली माझी कुठली? उंच हाय ती? बघ भीमे, माझाच हात भारी हाय!" मग काय, आळीतली प्रत्येक बाई एकेक ठोका घालून आपली रेघ बघून गेली. मिरचीच्या खकाण्यानं मॅडम शिंकून शिंकून लाल झाल्या.

रविवारी चौघांनी उखळ उचलून पार ओढ्यापलीकडं विमलाबाईच्या अंगणात नेलं. मॅडमनी आता रेघ भीमाबाईच्या मोबाइलवरही दिसेल अशी सोय करून दिली होती. सोमवारी अकरा वाजले, साडेबारा झाले, रेघ सरळच्या सरळ. दुपारी मॅडमचा फोन आला: यंत्र चेण्यातच राहणार, आणि भीमाताईही.

मंगळवारी साडेअकराला रेघ अचानक उसळली आणि विझली. भीमाबाई बाहेर धावली. रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही. तिनं मॅडमना फोन लावला.

"आलाय, आलाय, इकडेही दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "डहाणूकडचा. इतका बारीक की कुणाला जाणवलाही नसेल."

भीमाबाई तशीच ओढा ओलांडून पळत सुटली. विमलाबाईच्या अंगणात कांडण रंगात आलं होतं.

"आत्ता धरणी हलली," ती धापा टाकत म्हणाली.

मुसळं वरच्या वर थांबली. विमलाबाई म्हणाली, "चल, काय पन! आमाला तं काय कललं न्हाय."

"मला कळलं," भीमाबाई हसत म्हणाली. "या खेपेला मला कळलं गं."