बिनक्लचचा ट्रक

शुगरने आबांचा डावा पाय काळा पडला आणि गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हा सगळे नातेवाईक रडले. मी नाही रडले. माझ्या बापाने त्या पायाने जन्मभर दोनच कामं केली. ट्रकचा क्लच दाबला आणि मायला लाथा घातल्या. त्यातलं एक तरी थांबलं म्हणून मला बरंच वाटलं होतं, कोणाला राग येवो नाहीतर लोभ.

पण कसलं काय! ट्रक चालू होता तोवर आबा निम्मा महिना रस्त्यावर असायचे. रावेरकडची केळी भरायची, बाहेर जायचं, परत यायचं. तेवढे दिवस माय माणसासारखी जगायची. पाय गेला आणि हा माणूस धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत कायमचा येऊन बसला. चहा गार झाला तर शिवी, गरम असला तर कप भिंतीवर. कुबडी चालायला कमी आणि फेकायला जास्त. मायच्या भुवईला टाके पडले तेव्हा तिने डॉक्टरला सांगितलं, मोरीत पाय घसरला. डॉक्टरने मान डोलावली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं.

मी जळगावला असते. नवरा आणि मी मिळून गॅरेज चालवतो, वायरिंग त्याच्याकडे, इंजिनं माझ्याकडे. मी मायला म्हटलं, उचल पिशवी, चल माझ्याकडे. तिने कानाला हात लावले. लेकीच्या घरात राहायचं, जावयाचं खायचं? लोक तोंडात शेण घालतील म्हणे. मी म्हटलं, मग इथेच मर. बोलले खरी. ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "माले कोठे नेऊ नको. त्यालेच गाडीवर धाड. तुना बाप घरमा शे तोवर माले सुख नही."

डावा पाय नसलेला माणूस ट्रक कसा चालवणार? क्लचच काढून टाकला तर चालवेल. म्हणजे त्या जुन्या डिझेल इंजिनाच्या मागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा. गल्लीत बातमी पसरली आणि जो तो माझं कौतुक करू लागला. लेक असावी तर अशी, बापाला पुन्हा उभं करते आहे. मी हो हो म्हणत होते. बापाला घराबाहेर काढते आहे, हे कोणाला सांगणार?

मालेगावच्या भंगारात ठोकलेल्या एका मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स मिळाला, ओव्हरड्राइव्हवाला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा गिअर. तो पडला की इंजिन निवांत फिरतं आणि चाकं मात्र पळतात. ट्रक ओढून जळगावला आणला. मागोमाग आबाही आले, आपल्या गाडीला कोण हात लावतं ते बघायला. जावयाच्या घरी राहायची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स, दोघांचं एक भोक एकमेकांशी जुळेल तर शपथ. मध्ये जाड लोखंडी प्लेट घालावी लागणार होती. मी मापं काढली, एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून प्लेट करून घेतली, बसवली. इंजिन चालू केलं तेव्हा खडखड आवाज आला आणि आतली पातळ चकती तडकली. प्लेटचा मध्य केसभर हुकला होता. आबा खुर्चीत बसून खदाखदा हसले. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना म्हणाले, "हिला भाकरी गोल जमत नाही, ही प्लेट गोल करायला निघाली!" गिऱ्हाइकं हसली. नवराही हसला. मी पुन्हा मापं काढायला बसले.

दुसरी प्लेट जमली. मग गाडी वरच्या गिअरला जाईना. हा गिअरबॉक्स मूळचा जोरात फिरणाऱ्या इंजिनाचा, आणि आमचं डिझेल म्हातारं, सावकाश घुमणारं. तो वाट बघत बसायचा की इंजिन आणखी कधी फिरतं, आणि इंजिनाची तेवढी धावच नव्हती. आतली स्प्रिंग बदलायची, जोडायचं, रस्त्यावर न्यायचं, पुन्हा खोलायचं. मी ट्रकखाली असताना आबा कुबडीने माझ्या पायाला ढोसून विचारायचे, मेली की जिवंत आहेस.

रोज दुपारी मायचा फोन यायचा. तिचा आवाजच बदलला होता. आज तिखटजाळ शेवभाजी केली म्हणे, नावं ठेवायला कोणी नाही. शेजारणी येऊन बसल्या, अंगणात पापड वाळत घातले. एकदा तर ती हसली, आणि मला पटकन कळलंच नाही की कोण हसतंय. ते ऐकलं की मी परत ट्रकखाली शिरायचे.

शेवटी पारोळ्याच्या रस्त्याला गाडी काढली. आबा स्टिअरिंगवर, मी बाजूला. एकेक गिअर आपोआप पडत गेला, आणि मग इंजिनाचा गोंगाट एकदम खाली आला. ओव्हरड्राइव्ह! आबांनी मला विचारलं, "हाऊच का तुना ओव्हरड्राइव्ह?" आणि चक्क हसले. मला त्यांच्या हसण्याचं काही पडलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, सुटली माझी माय.

धुळ्याला दारात गाडी लावली. मायने आधीच कळण्याच्या भाकरी, ठेचा, आबांच्या गोळ्या असं सगळं बांधून ठेवलं होतं. नवी साडी नेसली होती. आबांनी खालचं गाठोडं पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "चाल, बस गाडीमा."

माय म्हणाली, "मी?"

"मंग कोण? उतरताना हात कोण देई? भाकरी कोण थापी?"

मायने माझ्याकडे पाहिलं. मी भांडले, आरडाओरडा केला, क्लीनर ठेवा म्हटलं, मी आणून देते म्हटलं. गल्ली गोळा झाली. एक म्हातारा म्हणाला, नवऱ्याबरोबर फिरायला मिळतंय, नशीब काढलं बाईने. माय घरात गेली, कुलूप लावलं आणि केबिनमध्ये चढली. दार नीट लागलं नाही म्हणून आबांनी बसल्या जागेवरून तिच्या डोक्यात टपली मारली. टपली नव्हे, चापटच. पूर्वी त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर असायचा. आता त्याला काही कामच उरलं नव्हतं. घरी ती कुबडी चुकवून अंगणात तरी पळायची. केबिनमध्ये कुठे पळणार?

तो हात मी मोकळा केला. याचं मी काय करू, मला कळत नाही.

आता ते दोघं सर्व्हिसिंगला जळगावला येतात. मागच्या खेपेला आबा टपरीवर चहा पीत बसले होते, माय केबिनमध्येच होती, गालावर पदर घट्ट ओढून. मी बॉनेट उघडून उभी होते. अॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे एक केबल जाते. ती जराशी ढिली सोडली तर आत तेलाचा दाब कमी पडतो. गॅरेजमध्ये काहीच कळत नाही, पण माल भरून चढ चढताना आतल्या पट्ट्या जळून राख होतात, आणि असला दुसरा गिअरबॉक्स मिळायचा नाही. मी नट सैल केला.

मायने वरून वाकून पाहिलं. दर सर्व्हिसिंगला वर बसून आमचं काम बघताना तिलाही थोडंफार कळायला लागलं होतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "नीट बसाड बाई. रस्तामा गाडी बंद पडनी ते तो मालेच मारी."

मी केबल ओढून मापात बसवली, नट आवळला, पुन्हा एकदा आवळून पाहिला.

टपरीवरून आबांनी विचारलं, "झालं का गं?"

"झालं, आबा," मी म्हटलं.