मुर्रीतले दोन जावई

२०१८ च्या एप्रिल महिन्यात सालेकसा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतील चौथीची सगळी मुले, आणि त्यांच्यासोबत आमचे भाऊजी, खोल उदासीत असल्याचे संगणकाने कळवले. मुलांचे एक वेळ समजता येईल. पण भाऊजींइतका आनंदी माणूस गोंदिया जिल्ह्यात तेव्हा दुसरा नव्हता आणि त्यांच्याबद्दल असे काही म्हणण्याची हिंमत यंत्राशिवाय कुणी केली नसती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर. नागपुरात चांगला दवाखाना चालत असताना ते पुण्याच्या एका संशोधक चमूत सामील झाले आणि गोंदियाजवळ मुर्रीला, म्हणजे सासुरवाडीला, येऊन राहिले. मुलांचा आवाज ऐकून कोणते मूल आतून खचले आहे हे संगणकाने ओळखावे, म्हणजे जिथे डॉक्टर पोहोचत नाही तिथल्या मुलांनाही वेळेवर उपचार मिळतील, असे ते काम होते. त्यासाठी गावोगावच्या मुलांना बोलते करून त्यांचे आवाज यंत्राला ऐकवायचे. यंत्र ठेवायला थंड खोली हवी होती. ती आमच्या माडीवर निघाली. घरात एसी आला तो यंत्रासाठी. भाऊजी यंत्राला 'जावई' म्हणत. "याला थंड ठेवा, सारखं खाऊ घाला आणि तोंडावर चूक म्हणू नका. जावई नाही तर काय?" ताई खालून ओरडायची, "वरच्याले थंडी खोली, खालच्याले गरम पोळी. या घरात काम कोन करून राहिलं, सांगा मले!"

भाऊजी कुणालाही "कसा आहेस?" विचारत नसत. त्याला सगळे "बरं आहे" म्हणतात आणि तपासणी तिथेच संपते, असे त्यांचे मत. ते विचारत, "आज कोणाचा राग आला?" हा प्रश्न त्यांनी दूधवाल्याला विचारला आहे, रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाला विचारला आहे आणि आमच्या चुलतभावाच्या लग्नात, अक्षता वाटून झाल्यावर, नवरदेवाला विचारला आहे. नवरदेवाने विचार करून उत्तर द्यायला सुरुवात केली. तो मामापासून निघून बँडवाल्यापर्यंत आला, तोवर मुहूर्त टळत आला होता. मामा भाऊजींच्या अंगावर गेले, "डॉक्टरसाहेब, काऊन पोराले बिघडवून राहिले? शादी है, कोर्ट नहीं!" त्यानंतर ताईने त्यांना मांडवात प्रश्न विचारायला बंदी केली. पंगतीत मुभा होती.

दुसरी सवय शेंगांची. सदऱ्याचा उजवा खिसा भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला असे. मूल मोकळेपणी बोलत असले की भाऊजी स्वस्थ बसून ऐकत. मूल गप्प झाले की एक शेंग फोडून दाणे त्याच्यापुढे धरत. शेंगेपुढे कोणतेही मूल फार वेळ गप्प राहत नाही, हा त्यांचा अनुभव होता आणि तो खरा होता. पण काही महिन्यांनी चमूच्या प्रमुख, पुण्याच्या एक अतिशय शांत बाई, यंत्र तपासायला आल्या. दिवसभर माडीवर बसून त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "सर, आपल्या मशीनला मुलं कळत नाहीत. शेंगा कळतात." खचलेली मुले जास्त गप्प होत, म्हणून शेंगा त्यांच्याच वाट्याला येत; जिथे शेंग फुटल्याचा कट्ट आवाज, तिथे दुःखी मूल, एवढेच जावईबापू शिकले होते. भाऊजी हसले. माइकपुढे शेंगा बंद झाल्या आणि जावयांचे शिक्षण पहिलीपासून पुन्हा सुरू झाले.

त्यामुळे सालेकशाचा निकाल आला तेव्हा बाईंचा धीर सुटला. अख्खा वर्ग उदास असू शकत नाही. ही शाळा वगळून टाकू, असे त्यांनी फोनवर सांगितले. भाऊजी फोन स्पीकरवर ठेवून बोलत असल्यामुळे हे सगळ्या घराने ऐकले. "वगळू नका, मॅडम. यातल्या एखाद्या पोराचं खरं असलं तर? मग त्याच्याकडे कोण जाईल?" बाई म्हणाल्या, "कोणाचं खरं, ते कसं ओळखणार?" दुसऱ्या दिवशी ते गाडीने सालेकशाला गेले आणि त्या शाळेच्या गावात मुक्काम केला.

पहाटे गावातली मुले टोपल्या घेऊन निघाली, तेव्हा भाऊजीही निघाले. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ऊन व्हायच्या आत वेचावी लागतात. हंगामात घरातले कुणी मागे राहत नाही. उजाडेपर्यंत भाऊजींनी वाकून वाकून मोह वेचला. मग मुलांसोबत धावत शाळा गाठली, कारण उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. तिथे माइकपुढे बसून त्यांनी स्वतःलाच विचारले, "आज कोणाचा राग आला?" आणि बऱ्याच वेळाने उत्तर दिले, "काही नाही." मग डुलकी लागली. तो आवाज मोबाइलवरून माडीवरच्या यंत्राकडे गेला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजात उत्सव होता. "अरे, मी फार गंभीर आहे! जावयांनी लिहून दिलंय!" ताईने फोन हिसकावून घेतला आणि अर्धे ऐकूनच रडायला लागली. मुले झोपेने पेंगत होती आणि यंत्र त्याला उदासी म्हणत होते, हे तिला पटवायला भाऊजींना घरी यावे लागले.

बाईंनी पावसाळ्यापर्यंत थांबायचे कबूल केले. मोह संपला. सुटीभर भाऊजी त्या गावी घरोघर फिरून आपला प्रश्न विचारत राहिले. मुलांना राग शेळीचा होता, भावाचा होता, गुरुजींचा होता. एकाने "तुमचाच" म्हटले. एक मुलगी काही बोलली नाही. दिलेली शेंग तिने न फोडता मुठीत धरून ठेवली. तिचे वडील आदल्या पावसाळ्यात साप चावून गेले होते. घरचे म्हणत, पहिल्यापासूनच लाजरी आहे. जुलैत त्याच मुलांचे पुन्हा आवाज घेतले. यंत्राने सगळ्या वर्गाला मोकळे केले. एक नाव राहिले, ते तिचे. भाऊजींनी त्या दिवशी यंत्राला 'जावई' न म्हणता नावाने हाक मारली, असे ताई सांगते. यंत्राला नाव होते हे आम्हाला तेव्हा कळले.

पुढच्या वर्षी प्रकल्पाची मुदत संपली. यंत्र खोक्यात बांधून पुण्याला गेले. माडीवरची खोली आता नुसती थंड होते. भाऊजी मात्र दर शनिवारी गाडीने सालेकशाला जात राहिले आणि मुलीच्या आईच्या संमतीने साध्या मोबाइलवर तिचे बोलणे, म्हणजे बहुतेक वेळा तिचे गप्प बसणे, टिपत राहिले. दिलेली शेंग ती दर वेळी न फोडता ठेवून देई.

त्यातले एक रेकॉर्डिंग हिवाळ्यातले आहे. मी ते ऐकलेले नाही. भाऊजींनी सांगितले तेवढे असे: त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, "बाबाचा. जाऊन राहिलो म्हून मले नाही सांगतलं." मग शेंग फोडल्याचा आवाज येतो. भाऊजींच्या खिशात त्या दिवशी शेंगा नव्हत्या.